टायरचा साइज बदलल्यावर गाडी नीट चालत नाही? दोष असा शोधा

"नवे टायर आहेत दादा, दोनशे किलोमीटर पळवा, आपोआप बसतील." टायर बदलल्यावर तक्रार घेऊन दुकानात परत गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्यात अर्धं सत्य आहे. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर नव्या रबरावर असतो, आणि खोल नक्षीचे ठोकळे सुरुवातीला जरा हलतात. पण गाडी एका बाजूला ओढत असेल, ठरावीक वेगाला थरथरत असेल किंवा खड्ड्यात टायर कुठेतरी घासत असेल, तर ते दोन हजार किलोमीटरनंतरही थांबणार नाही.

माझ्या हॅचबॅकचे मूळचे १६५/८० आर१४ टायर काढून मी हौसेनं १९५/६५ आर१५ बसवले, बाहेरून घेतलेल्या अलॉयसकट (मिश्रधातूच्या डिस्क). या तिन्ही तक्रारी एकदमच आल्या. तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालं, तीनदा पैसे गेले. शेवटी कारणं निघाली तीन वेगवेगळी, आणि एकाचाही अलाइनमेंटशी संबंध नव्हता. म्हणून एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, त्याच रस्त्यावर गाडी चालवून पाहायची आणि काय जाणवलं ते मोबाइलमध्ये टिपायचं. हवा, अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) सगळं एकाच दुपारी उरकलं, तर गाडी सुधारली तरी कशानं सुधारली ते कळत नाही.

आधी कागदावर हिशेब

टायरच्या बाजूवरचे आकडे उतरवून घ्या. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. माझ्या जुन्या टायरचा हिशेब असा: १६५ चे ८० टक्के १३२, त्याची दुप्पट २६४, अधिक १४ इंच म्हणजे ३५५.६, एकूण व्यास सुमारे ६२० मिमी. नवा निघाला ६३४.५. म्हणजे टायर चाकावरच्या बॉडीच्या कमानीत सात मिलिमीटर वर चढला आणि रुंदीला ३० मिलिमीटर वाढला. स्पीडोमीटर पूर्वी ज्या वेगाला १०० दाखवायचा, त्यापेक्षा आता गाडी सुमारे अडीच टक्के जास्त धावते. ओडोमीटरही तेवढंच अंतर कमी मोजतो. टायर बदलल्यापासून मायलेज पडलं म्हणून हळहळण्याआधी हा फरक मिळवून बघा. लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीला अर्धा किलोमीटर नुसता हिशेबातच हरवतो.

कंपनी स्वतः साइज बदलते तेव्हा काय करते ते पाहण्यासारखं आहे. २०१८ च्या स्विफ्टमध्ये खालच्या व्हेरियंटना १६५/८० आर१४ आणि वरच्यांना १८५/६५ आर१५ यायचे. दुसऱ्याचा व्यास काढा: ६२१.५. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा. आपल्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटचा साइज घेतला की निम्म्या कटकटी उद्भवतच नाहीत. मी हे आधी वाचलं नव्हतं, तो भाग वेगळा.

लोड इंडेक्सही बघा. साइजच्या पुढे ८२ असेल तर एक टायर ४७५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६०. मूळ आकड्यापेक्षा कमी लोड इंडेक्सचा टायर बसवला असेल तर पुढचं काही तपासू नका, आधी टायर बदला.

सकाळची हवा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, कुठेही न नेता, स्वतःच्या गेजनं चारही चाकांची हवा मोजा. टायर डिस्कवर चढवताना दुकानदार भरपूर हवा मारतो, म्हणजे कडा नीट बसतात. मग ती उतरवायची राहून जाते. माझ्या चारही टायरमध्ये चाळीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास होती. अशी गाडी बारीक खड्ड्यावरही उडते आणि स्टिअरिंग हलकं, बिनभरवशाचं लागतं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा मूळ साइजसाठी असतो, पण सुरुवात तिथूनच करा. पुढच्या दोन चाकांत तीन-चार पीएसआयचा फरक असेल तर कमी हवेच्या बाजूला गाडी ओढते.

गाडी ओढते

आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे थोडं डावीकडे जाणं हा दोष नव्हे. रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर ५०-६० च्या वेगानं जा, स्टिअरिंगवर बोटं नुसती टेकवून ठेवा. हात पूर्ण सोडू नका.

ओढ आहे असं ठरलं की पुढची दोन चाकं डावी-उजवीकडे अदलाबदल करा. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हा प्रयोग करू नका.) जॅक, पाना आणि अर्धा तास एवढंच लागतं. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीतच आहे. जगातलं कुठलंही अलाइनमेंट मशिन तो काढू शकत नाही. माझी गाडी आधी डावीकडे जायची, अदलाबदलीनंतर उजवीकडे जायला लागली. दुकानदाराला शेजारी बसवून हे दाखवलं, तेव्हा त्यानं मुकाट्यानं टायर बदलून दिला.

बाजू बदलली नाही, तर मग अलाइनमेंट, किंवा कुठलातरी ब्रेक धरून राहतोय. दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भट्टीसारखं धगधगत असेल तर ब्रेक बघा. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, हे मात्र खास अलाइनमेंटचं काम. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा: एका दिशेनं गुळगुळीत आणि परत येताना धार लागत असेल तर टो, म्हणजे चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत तो कोन, बिघडलेला आहे. अलाइनमेंटनंतर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. हवा नीट भरल्याशिवाय ते करून घेऊ नका.

थरथर

८० ते १०० च्या मध्ये स्टिअरिंग थरथरतं आणि पुढे कमी होतं, तर पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग. थरथर सीटखाली जाणवली तर मागची चाकं. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ती ब्रेकच्या डिस्कची, टायरचा दोष नाही. ३०-४० लाच गाडी लंगडत असेल तर चाक जॅकवर उचला, टायरजवळ एक काडी स्थिर धरा आणि चाक हातानं फिरवा. काडी आणि टायर यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर डिस्क वाकलीय किंवा टायर गोल नाही. फुगवटा दिसला तर गाडी तिथेच उभी करून स्टेपनी लावा.

दोनदा बॅलन्सिंग करूनही थरथर तशीच असेल आणि अलॉय बाहेरचे असतील, तर चाक काढून मधलं भोक बघा. बाजारातले अलॉय बऱ्याच गाड्यांना चालावेत म्हणून ते मोठं ठेवतात. हबवर (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला भाग) ते घट्ट बसत नाही, नट आवळताना केसभर बाजूला सरकतं. बॅलन्सिंगच्या मशिनवर ते वेगळ्या तऱ्हेनं मध्यावर धरलं जातं, म्हणून तिथे सगळं उत्तम दिसतं. मधली फट भरणारी कडी मिळते, तिला हब रिंग म्हणतात. माझी थरथर तिनंच गेली. चारही चाकांच्या नटांची जातही अलॉयला जुळते ना, ते बघा, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

घासणं

कमानीच्या आतल्या प्लास्टिक अस्तरावर खडूचे जाड पट्टे ओढा. मागे तिघांना बसवा, एका गतिरोधकावरून जा, मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे-मागे करा. जिथे खडू पुसला तिथे टायर लागतोय. अस्तर तापवून दाबून देणारे कारागीर भेटतात. एखादा स्क्रू किंवा अस्तराची कडा नडत असेल तर ते ठीक, पण पत्रा ठोकून कमान वाढवणं मला पटत नाही.

रुंद टायरची गाडी एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवरच्या खाचांत किंचित इकडेतिकडे जाते आणि डांबरावर शांत होते. हा दोष नाही, रुंदीची किंमत आहे. फोर बाय फोरवाल्यांनी (ज्यांच्या गाडीत चारही चाकांना इंजिनची ताकद देता येते) मात्र चारही टायरचा व्यास सारखा ठेवावा, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावल्यावर ट्रान्समिशनवर ताण येतो.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे पुढे दोन नवे टायर आणि मागे झिजलेले. कोरड्यात काही कळत नाही. पावसात वळणावर मागचे टायर पाणी कापू शकत नाहीत आणि गाडीचं बूड निसटतं. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे, एका एक्सलवर एकाच साइजचे, एकाच नक्षीचे. झीज १.६ मिमीपर्यंत आली की टायर संपला. नक्षीच्या खोबणीतल्या उंचवट्यांना रबर टेकलं म्हणजे तिथवर आली.

माझ्या मागच्या कमानीतलं घासणं कशानंच गेलं नाही. शेवटी १९५ चे टायर तोट्यात विकले आणि त्याच अलॉयवर १८५/६५ चढवले. चौघं आणि सामान घेऊन आंबा घाट उतरलो, रत्नागिरीत पोचल्यावर मोबाइलचा टॉर्च लावून कमानीत डोकावलो. खडू जिथल्या तिथे होता.