डोळ्यात कचरा गेला? नोंदवहीत लिहाच

दिवाळीनंतर हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कापसाची आवक वाढली की कोणाच्या तरी डोळ्यात पत्तीचा कण जातोच. गमछ्याचं टोक फिरवायचं, "काही नाही होत, चालू दे" म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. नोंद मात्र कोणी करत नाही.

सरकारी कळवणूक आणि आपली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुखापतीमुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकाला कळवावंच लागतं. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८८ मध्ये ही अट होती, कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य याबद्दलच्या २०२० च्या संहितेतही तीच आहे. डोळा धुतला आणि माणूस लगेच कामाला लागला, तर निरीक्षकाकडे जायची गरज नाही. अपघात नोंदवहीत मात्र लिहाच. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर ही वही ठेवणं मालकाचं कामच आहे.

कारण डोळा उशिरा बोलतो. काडी-पत्तीचा ओरखडा सोमवारी नुसता खुपतो, आणि काही दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. ती बुरशी असू शकते. तेव्हा "हे कामावरच झालं" हे दाखवायला ती एक ओळच हाताशी असते.

तारीख, वेळ, कोणतं मशीन, डावा की उजवा डोळा, काय गेलं, चष्मा होता का, कोणी पाहिलं, एवढं लिहा आणि कामगाराची सही घ्या. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नका, बुरशी असली तर त्याने ती भडकते. दुसऱ्या दिवशीही डोळा लाल असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि तेही त्याच नोंदीखाली लिहा.