दृष्टियंत्राविना नेम साधताना
धनुर्विद्येतील सहजनेमात, म्हणजे धनुष्यावर नेम धरण्याचे दृष्टियंत्र न लावता केलेल्या नेमबाजीत, बाणाच्या टोकाकडे न पाहता लक्ष्यावरील एखाद्या बारीक ठिपक्यावर नजर खिळवायची असते. अंतराचा अंदाज हात सरावानेच शिकतो. म्हणून सुरुवात पाच-सहा मीटरवरून, लक्ष्यामागे भक्कम आडोसा ठेवून आणि २० ते २५ पौंड ताणाच्या हलक्या धनुष्याने करावी, कारण ओढायला जड असलेल्या धनुष्याने हात थरथरतो आणि बाण सोडण्याची घाई होते. दोरी ओढणाऱ्या हाताची तर्जनी दर वेळी ओठांच्या त्याच कोपऱ्याला टेकली पाहिजे. ती थोडी जरी सरकली, तरी बाण वर किंवा खाली जातो, आणि नवशिका दोष मात्र नजरेला देतो. बाण लक्ष्यात रुतेपर्यंत धनुष्याचा हात खाली आणू नये. बाण एका जागी जमू लागल्यावरच अंतर वाढवावे. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. त्याने धनुष्य तडकू शकते.