दोन साहेबांच्या कंपनीत प्लॅनिंग करताना

भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांत हे चित्र नवं नाही. कंपनी वडिलांनी उभी केलेली, आता दोघे भाऊ चालवतात. मोठे साहेब म्हणतात जुन्या ग्राहकाचं डिस्पॅच आधी, छोटे साहेब म्हणतात नव्या पार्टचे सँपल आधी. मी अशाच एका ठिकाणी पीपीसीत, म्हणजे उत्पादनाचं प्लॅनिंग करणाऱ्या विभागात होतो. प्लॅन सकाळी एक, दुपारी दुसरा.

कोण बरोबर हे ठरवायला जाऊ नका. भांडण स्वभावाचं कमी, पैसा कधी येणार याचं जास्त. लघुउद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा कायदा सांगतो. म्हणजे सगळं नियमाने झालं तरी आजच्या गाडीचा पैसा दीड महिन्याने, आणि पगार त्यातूनच. नव्या पार्टचं पीपॅप, म्हणजे उत्पादनाआधीची ग्राहकाची मंजुरी, रखडलं तर पुढच्या वर्षीचं काम शेजारच्या गाळ्यात जातं. दोघांची काळजी खरीच असते.

आपल्या हातात एकच आहे, बदलाची किंमत दाखवणं. व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरचं चालू सेटिंग मोडायचं म्हणजे फिक्श्चर उतरवा, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्या. तोवर मशीन उभं. केबिनमधून हे दिसत नाही. 'जमणार नाही' म्हणू नका. 'हा जॉब आत्ता लावला तर उद्याच्या गाडीत चारशे नग कमी जातील, चालेल का?' असं दोघांना एकाच मेसेजमध्ये विचारा. फोनवर आलेला हुकूमही तिथेच, 'सरांशी बोलल्याप्रमाणे' म्हणून टाका. उत्तर बहुतेकदा येत नाही, पण दोघे आपसात बोलतात.

खरा प्लॅन ओळखायचा तर मालाच्या पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, कुणाची सही होते ते बघा. कास्टिंग आलंच नसेल तर प्राधान्य कुणाचंही असो, जॉब लागत नाही. आमचे स्टोअरवाले काका गेटवर काय उतरलं ते बघूनच आज कुणाचं चालणार ते सांगत, आणि बहुधा बरोबर सांगत.

एकाच साहेबाचा माणूस मात्र होऊ नका. दिवाळीला भाऊ भाऊ एक होतात, उरता तुम्ही.

कॉस्टिंगपासून ग्राहकाच्या ऑडिटपर्यंत सगळं अशा जागी लवकर शिकायला मिळतं, त्यासाठी वर्ष-दोन वर्षं काढायला हरकत नाही. पण घाईपायी न तपासलेल्या मालाच्या रिपोर्टवर सही मागायला लागले, की निघा. राजीनामा दोघांना एकाच मेलवर द्या, नाहीतर रिलीव्हिंग लेटर दोन केबिनमध्ये फिरत राहतं.