आधी बाटल्या, मग अँटिबायोटिक
मुंबईत 19 वर्षं वॉर्ड सांभाळतेय. रात्रपाळीला नवीन आलेल्या मुलींना पहिलं हेच सांगते: हुडहुडी भरून ताप चढला, की आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का, ते बाटलीत वाढवून बघायची तपासणी), मग अँटिबायोटिक. दोन हातांतून दोन वेगळे सेट (सेट म्हणजे बाटल्यांची जोडी), मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त. झाकण उडवलं की खालचं रबरही स्पिरिटने पुसायचं, ते निर्जंतुक नसतं. कातडीवर लावलेलं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन आपोआप वाळू द्या, फुंकर नको. (फुंकर मारतात हो!) बाटल्या फ्रिजमध्ये तर अजिबात नाही; तरी एका पावसाळ्यात लोकल बंद, लॅबवाला अडकला, आणि कुणीतरी रात्रभर फ्रिजात ठेवल्या. बीपी पडत असेल तर मात्र कल्चरपायी खोळंबू नका, तासाभरात औषध गेलंच पाहिजे. 48 तासांनी कल्चरचा रिपोर्ट पुढे करून डॉक्टरांच्या राउंडला त्या भारी अँटिबायोटिकबद्दल विचारा, ‘सर, मेरोपेनेम अजून लागतंय का?’