स्पॅनिशांच्या पॅसिफिक मोहिमा अभ्यासताना या चुका टाळा

पॅसिफिकमधल्या स्पॅनिश मोहिमांची गोष्ट बहुतेक ठिकाणी मॅगेलनपासून सुरू होते आणि त्याच्यापाशीच थांबते. ‘मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा केली’ हे वाक्य आजही उत्तरपत्रिकांत सर्रास असतं. तो २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपिन्समधल्या मॅक्टन बेटावर लढाईत मारला गेला. ‘व्हिक्टोरिया’ जहाज सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला पोचवलं त्याच्याच मोहिमेतल्या एल्कानोने, अवघ्या १८ माणसांनिशी, आणि तेही हिंदी महासागरातून आफ्रिकेला वळसा घालून.

याहून मोठी चूक म्हणजे १५२१ मध्येच पॅसिफिकचा मार्ग सापडला असं धरून चालणं. जायची वाट सापडली होती, परतीची नव्हती. विषुववृत्ताच्या आसपास व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. अमेरिकेकडून निघालेलं शिडाचं जहाज ते पुढे रेटतात, परत येणाऱ्याला मात्र अडवतात. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘त्रिनिदाद’ जहाज १५२२ मध्ये पॅसिफिकमार्गे अमेरिकेकडे परत फिरलं, वादळांत आणि आजारपणात खचलं आणि शेवटी पोर्तुगीजांच्या हाती लागलं. मेक्सिकोहून आलेल्या सावेद्रा या स्पॅनिश कप्तानाने १५२८ आणि १५२९ मध्ये दोनदा परतायचा प्रयत्न केला. दुसऱ्या खेपेत तो समुद्रातच वारला. व्हिलालोबोसच्या स्पॅनिश मोहिमेतलं ‘सान हुआन’ जहाज १५४३ आणि १५४५ मध्ये अपयशी ठरलं. या पाच प्रयत्नांना इतिहासाच्या टिपणांत क्वचितच एखादी ओळ मिळते, हे मला फार खटकतं. सगळा पेच तर तिथेच आहे.

तो सोडवला आन्द्रेस दे उर्दानेता या स्पॅनिश दर्यावर्दीने. तरुणपणी तो लोआइसाच्या स्पॅनिश मोहिमेतून मोलुक्का बेटांवर (आजच्या इंडोनेशियातली मसाल्याची बेटं) गेला आणि तिथे कित्येक वर्षं अडकून राहिला. पुढे तो ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाचा साधू झाला. मेक्सिकोहून निघालेल्या लेगाझ्पीच्या मोहिमेतून तो पुन्हा त्या भागात आला आणि १ जून १५६५ रोजी ‘सान पेद्रो’ जहाज घेऊन फिलिपिन्समधल्या सेबूहून निघाला. नैऋत्य मोसमी वारा धरून तो खूप उत्तरेला चढला, पश्चिमेकडून वाहणारे वारे गाठले, कॅलिफोर्नियाचा किनारा दिसल्यावर दक्षिणेला वळला आणि ८ ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पोचला. पुढे १८१५ पर्यंत मनिलाची गॅलिअन जहाजं (मनिला आणि मेक्सिकोमधली मोठी व्यापारी शिडाची जहाजं) अशाच मार्गाने परतत राहिली.

मात्र ‘पहिला परतलेला’ म्हणून त्याचं नाव लिहू नका. त्याच मोहिमेतून वेगळं पडलेलं, अरेयानो या कप्तानाचं ‘सान लुकास’ जहाज दोनेक महिने आधीच मेक्सिकोला पोचलं होतं. ते चालवणारा लोपे मार्तिन हा आफ्रिकी वंशाचा पोर्तुगीज नाविक होता.

बेटांची जुनी ठिकाणं आजच्या नकाशाशी जुळत नसतील, तर गोंधळून जाऊ नका. तेव्हा अक्षांश बऱ्यापैकी मोजता यायचे, रेखांश अंदाजाने धरायचे. मेंदान्या या स्पॅनिश दर्यावर्दीने १५६८ मध्ये सॉलोमन बेटं पाहिली. १५९५ मध्ये तोच वसाहतीसाठी निघाला, तर ती त्याला पुन्हा सापडली नाहीत.

दोन साधनांत एकाच दिवसाचा फरक दिसला, तर छपाईची चूक समजून एक तारीख खोडू नका. पश्चिमेकडे जात पृथ्वीला वळसा घातला, की जहाजावरची दिवसांची मोजणी एका दिवसाने मागे पडते. ‘व्हिक्टोरिया’ केप व्हर्देला पोचलं तेव्हा जहाजावर बुधवार होता, बेटावर गुरुवार. मनिला तर १८४४ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेकडून आलेल्या जहाजांच्या हिशेबाने, म्हणजे आशियातल्या शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे, दिवस मोजत होतं. त्यामुळे मनिला आणि पोर्तुगीजांचं मकाव यांचे कागद ताडून पाहताना वारही तपासा.