रेंजरचा लांडगा: नव्या डीएमसाठी अनुभवाचे बोल

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळात नव्याने डीएम (म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) झालेले लोक मला हमखास विचारतात: रेंजरला, म्हणजे रानात वावरणाऱ्या लढवय्या पात्राला, सोबती म्हणून लांडगा दिला तर खेळ बिघडेल का? बिघडू शकतो. लांडगा किती जोरात चावतो याची सगळ्यांना भीती असते, पण खरी गोम आहे ती टर्नची, म्हणजे खेळायच्या पाळीची. एका फेरीत कोण किती वेळा खेळतं ते आधी बघा.

मी पुण्यात रविवारच्या टेबलवर डीएम व्हायला लागलो तेव्हा हाताशी २०१४ चं नियमांचं पुस्तक होतं. आमचा रेंजर तिसऱ्या लेव्हलचा, आणि नकाशावर त्याचा लांडगा म्हणजे शर्टाचं एक काळं बटण. पुस्तकाप्रमाणे लांडग्याला हल्ल्याचा हुकूम द्यायचा तर रेंजरची स्वतःची अ‍ॅक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च होते. मला ते फार कद्रूपणाचं वाटलं, म्हणून मी लांडग्याला स्वतंत्र टर्न देऊन टाकला. त्याचा एक चावा सरासरी ९ डॅमेज (इजा) करायचा आणि गॉब्लिन नावाच्या किरकोळ शत्रूचे हिट पॉइंट्स, म्हणजे जीव, ७. शेजारी आपला माणूस उभा असला की पॅक टॅक्टिक्स या कळपाने लढायच्या गुणामुळे अ‍ॅडव्हांटेजही मिळायचा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. क्लेरिक (देवाचं बळ वापरणारं पात्र) खेळणारी मैत्रीण तिसऱ्या रविवारी म्हणाली, "माझा टर्न येईपर्यंत मारायला कुणी उरतच नाही." तिचं बरोबर होतं.

मग मी पुस्तकातल्या नियमावर परत आलो, आणि अन्यायाचा काटा रेंजरकडे झुकला. लांडगा चावला की धनुष्य गप्प! पाचव्या लेव्हलला स्वतःचा एक बाण मारायची मुभा मिळाली, पण तोवर शत्रूकडे फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र आला होता. ८ फासे, सरासरी २८ डॅमेज. लांडग्याचे हिट पॉइंट्स लेव्हलच्या चौपट, म्हणजे २०. तो वाचला नाही. आठ तास दुसऱ्या प्राण्यासोबत घालवले की नवा सोबती मिळतो, असं मी नियम वाचून सांगितलं. आमच्या खेळाडूने काही न बोलता बटण उचलून खिशात ठेवलं. त्याला दुसरा लांडगा नको होता.

माझ्या टेबलवर मी आता २०२० च्या पूरक पुस्तकातली पद्धत वापरतो. २०२४ च्या नव्या पुस्तकातही साधारण तोच साचा आहे. हुकूम द्यायला मुख्य कृती नाही, तर टर्नमधली जादाची छोटी बोनस अ‍ॅक्शन लागते, त्यामुळे रेंजरचा बाण सुटतो आणि प्राणीही लढतो. हुकूम दिला नाही तर प्राणी फक्त डॉज करतो, म्हणजे हल्ले चुकवतो. जमिनीवरच्या प्राण्याचे हिट पॉइंट्स पाच अधिक लेव्हलच्या पाचपट: पाचव्या लेव्हलला ३०. तोच सरासरी फायरबॉल पूर्ण बसला तरी २ उरतात! आणि प्राणी मेलाच, तर तासाभरात एक स्पेल स्लॉट (मंत्र वापरायची एक संधी) खर्चून त्याला परत आणता येतं. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण खेळाडूचा जीव ज्यात गुंतलाय ती गोष्ट एका वाईट फाशाने हिरावली जात नाही.

पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती खेळत असाल तर हिशेब आणखी सोपा: तुमच्या तीनपैकी एक अ‍ॅक्शन द्या, प्राण्याला दोन मिळतात.

एक सूचना ड्रुइडबद्दल, म्हणजे निसर्गाची जादू करणाऱ्या पात्राबद्दल. २०१४ च्या नियमात तिसऱ्या लेव्हलच्या एका मंत्राने आठ लांडगे येतात. आठ हल्ले, प्रत्येकाला अ‍ॅडव्हांटेज म्हणजे सोळा फासे, आणि बाकी सगळे चहा करायला उठतात. २०२४ मध्ये तो मंत्रच बदलून सगळा कळप एकच आत्मरूपी झुंड केलाय. जुनं पुस्तक वापरत असाल तर दोनच मोठे प्राणी बोलवायचं आधीच ठरवून घ्या.

लढाईबाहेर मात्र हात आखडता घेऊ नका. लांडग्याला वास येऊ द्या, दारापाशी गुरगुरू द्या, अनोळखी माणसाच्या हातचं खायला नकार देऊ द्या. त्याने कुणाचाही टर्न कमी होत नाही.

आणि पहिल्या सेशनच्या आधी खेळाडूला सरळ विचारा: प्राणी मेला तर चालेल का? मी हे विचारायला उशीर केला. पुढच्या कॅम्पेनला (अनेक बैठकांत चालणाऱ्या नव्या गोष्टीला) त्याच मित्राला विचारलं, तेव्हा तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "मरू दे, पण निरोप घ्यायला एक टर्न दे." मग त्याने तेच काळं बटण नकाशावर ठेवलं. नाव मात्र वेगळं ठेवलं.