छोटं ‘क्रॉस’ कुत्रं घरी आणताय? या चुका टाळा

गणपती उठले की नाशिकच्या आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एक-दोन घरी तरी पिल्लू येतं, आणि दिवाळीच्या आत मला फोन सुरू होतात. "ताई, हे चावतंय." "ताई, हे कुठेही शू करतंय." आणि सगळ्यात आवडता: "ताई, याला आमचा लळाच लागत नाही हो, आठ दिवस झाले." आठ दिवस! आपल्याकडे नव्या सुनेला कपाटातला एक कप्पा मिळायला त्याहून जास्त वेळ लागतो.

मी ट्रेनर नाही. १४ वर्षांत दोन छोटी मिश्र कुत्री सांभाळली, आधी ठमी आणि आता बंड्या. खालच्या निम्म्या चुका मी स्वतः केल्या आहेत, म्हणूनच दुसऱ्यांच्या बघून जास्त चिडचिड होते.

"कुठल्या जातीचं आहे?"

माणसांना उघड विचारायची लाज वाटते म्हणून ती हौस कुत्र्यांवर भागवतात की काय, देव जाणे. ठमीची आई सिडकोतल्या एका घरची पॉमेरियन, बाप गल्लीतला कोणीतरी. एका वेतातल्या पिल्लांचे बापही वेगवेगळे असू शकतात. तेव्हा कान-शेपटी बघून "पॉम क्रॉस आहे, म्हणजे लाडिक असणार" असं ठरवणं म्हणजे आडनाव ऐकून भाजीची चव सांगण्यासारखं आहे. मी त्याऐवजी वही ठेवते. काय खाल्लं, किती वाजता शू केली, कशाला दचकलं, कुठे जाऊन झोपलं. बंड्याच्या वहीत पहिल्या पानावर आहे: "झाडूला घाबरतो. हेल्मेटवर भुंकतो. फ्रिज उघडला की हजर." त्याच्या जातीपेक्षा मला हेच जास्त उपयोगी पडलं.

गुरगुरल्याबद्दल मारणं

ही माझी चूक, आणि सगळ्यात महागातली.

ठमी साधारण आठ महिन्यांची असेल. सोफ्यावर झोपलेली असताना माझा भाचा तिला मिठी मारायचा आणि ती गुरगुरायची. मला वाटलं, दीड वीत कुत्री, आणि घरातल्या लेकराला दात दाखवते? वर्तमानपत्राची सुरळी करून एक ठेवून दिली. असं चार-पाच वेळा झालं आणि ठमीचं गुरगुरणं बंद झालं. मी सगळ्यांना सांगत सुटले, कशी सुतासारखी सरळ केली बघा.

भाऊबीजेला माझा भाऊ आला. ठमी खुर्चीखाली होती. "ये गं ठमे" म्हणत त्याने खाली वाकून तिला ओढून काढायला हात घातला आणि तिने आवाज न करता थेट मनगट धरलं. आई हळदीचा डबा घेऊन धावली. तिला थांबवलं, भावाचा हात नळाखाली धरून साबणाने १५ मिनिटं घड्याळ लावून धुतला आणि तसंच दवाखान्यात नेलं. ठमीचं रेबीजचं लसीकरण झालेलं होतं, तरीही नेलं. यात "बघू उद्या" चालत नाही. हळद, चुना, तिखट काहीही जखमेवर भरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांना म्हटलं, "काही सूचना न देता चावली हो." ते म्हणाले, "सूचना देत होती. तुम्ही ती बंद केलीत." कुकरची शिट्टी दाबून धरली म्हणून आतली वाफ कुठे जाते का? मी शिट्टी दाबत होते आणि वर कौतुक सांगत होते.

गुरगुरण्याच्या आधीही कुत्रं बरंच काही सांगत असतं. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जागच्या जागी ताठ होणं. शेपटी हलतेय म्हणजे खूश, हेही खरं नाही. ताठ उभ्या शेपटीचं टोक थरथरत असेल तर हात मागे घ्या. आता मी एकच करते, तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. बंड्या नाकाने हात ढोसतो, मग पुढचे तीन सेकंद. नाही ढोसला तर विषय संपला. पाहुण्यांनाही हाच नियम: चहा घ्या, कुत्र्याकडे बघू नका. "अहो, आमच्याकडे कुत्री होती, मला कळतं" म्हणणाऱ्या पाहुण्यांना तर आधी.

पहिल्याच दिवशी दर्शन सोहळा

पिल्लू रविवारी आणतात आणि संध्याकाळपर्यंत अख्खा मजला येऊन उचलून जातो. बंड्या मोठा होऊन आमच्याकडे आला, अंदाजे तीन वर्षांचा. आल्या आल्या दिवाणाखाली शिरला. मी रोज संध्याकाळी दिवाणापाशी जमिनीवर बसून मटार सोलायचे, त्याच्याकडे पाठ करून. पाचव्या दिवशी गुडघ्याला ओलं नाक लागलं. मी वळून बघितलंसुद्धा नाही, मटार सोलत राहिले. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात, म्हणजे बिचकणं जायला, सवय लागायला आणि घर आपलं वाटायला. बंड्याने पाच महिने घेतले.

द्राक्षं

नाशिकमध्ये राहून हे कुणाला माहीत नसावं याचं मला नेहमी नवल वाटतं. पण मलाही माहीत नव्हतंच. फेब्रुवारीत दिंडोरीहून नातेवाइकांनी द्राक्षांची पेटी पाठवली. आमचे आप्पा, म्हणजे सासरे, पेपर वाचता वाचता एक स्वतःला, एक ठमीला. "फळच ते, औषध थोडंच आहे!" रात्री ठमीला उलट्या सुरू झाल्या. मग दोन दिवस सलाईन आणि किडनीच्या तपासण्या. वाचली. आप्पांनी त्यानंतर त्या हंगामात द्राक्षाला हात लावला नाही.

द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं चार-पाच दाण्यांत आडवं होतं. सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. त्यात कुत्रं पाच किलोचं असेल तर सगळंच जास्त. बेदाणे, मनुके त्याहून वाईट, म्हणजे प्रसादाचा शिराही नको. खाल्लेलं कळलं की उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे. पहिल्या तास-दोन तासांत ते उलटी करवून बरंच बाहेर काढू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवायचा उद्योग करू नका, मीठच अंगावर येतं.

दुसरं आपलं भूषण म्हणजे कांदा. कच्चा असो वा शिजवलेला, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हे लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात. त्यामुळे मिसळीच्या रश्श्यात बुडवलेला पाव "एवढासाच" म्हणून द्यायचा नाही. कांदा घातलेला चिवडाही नाही.

बाकीच्या, पटापट

महिनाभराचं पिल्लू आणू नका. आठ आठवडे तरी आईपाशी राहू द्या. "लहानपणी आणलं की लळा लागतो" हा निव्वळ उतावळेपणा आहे.

वाटीभर दूध पाजून जुलाब झाले की मला फोन करू नका.

गळ्यातला पट्टा ओढून फिरवू नका. छोट्या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, छातीचा पट्टा घ्या.

ताप आला म्हणून आपली क्रोसिन, ब्रुफेन द्यायची नाही. कधीच नाही.

एप्रिल-मे मध्ये दुपारी डांबरावर आधी स्वतःचा पंजा टेकवून बघा. जानेवारीच्या थंडीत त्याला लादीवर झोपवू नका.

शू केली तर त्यात नाक घासणं हा जुना शहाणपणा सोडा. त्याला एवढंच कळतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास, फार तर एक जास्त, एवढीच त्याची धरून ठेवायची ताकद. मी झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर उचलून बाहेर नेते, आणि केली की तिथेच खाऊ, घरी आल्यावर नाही. फिनाईलने पुसू नका, ते पंजे चाटतं.

ढोल

नाशिकचा ढोल आपल्या छातीत वाजतो, तर बंड्याचं काय होत असेल? सराव गणपतीच्या कितीतरी आधी सुरू होतो, आणि लोक मिरवणुकीच्या दिवशी कुत्रं कडेवर घेऊन गॅलरीत उभे राहतात, "सवय होईल" म्हणून. सवय होत नाही, धसका बसतो. मी जूनपासून मोबाइलवर ढोल लावते, आधी इतका हळू की मलाच नीट ऐकू येत नाही, आणि सोबत चिकनचे तुकडे. आवाज रोज नखभर वाढवायचा. खाणं थांबलं की आपण घाई केली, परत खाली. वर्षानुवर्षं करतेय, तरी बंड्या काही शूर झालेला नाही. ढोल सुरू झाला की तो उठून शांतपणे बाथरूममध्ये जातो, बादलीच्या मागे. पूर्वी तो तिथपर्यंत पोचायच्या आधीच थरथरत मुतायचा. आता बादलीमागे त्याचं पोतं मी सकाळीच अंथरून ठेवते आणि त्या दिवशी आंघोळी लवकर उरकून घ्यायला सांगते.